दोन दिवसांचे लिस्बन

परक्या शहरात दोन दिवसांसाठी उतरलेला माणूस शहर पाहत नसतो. शहराने त्याच्यासाठी काढून ठेवलेली निवड पाहत असतो. शाळेच्या पाठ्यपुस्तकात एखाद्या थोर कवीच्या चार कविता असाव्यात आणि तेवढ्यावर आपण त्या कवीविषयी आयुष्यभर मत देत राहावे, तसेच हे आहे. त्यात गैर काही नाही. दोन दिवसांत माणूस दुसरे करणार काय? पण पाठ्यपुस्तकातल्या कवितांच्या बाबतीत एक प्रश्न आपण विचारू शकतो: ही निवड कोणी केली, केव्हा केली आणि काय वगळले? पुस्तकाला विचारायचा हा प्रश्न शहराला मात्र आपण सहसा विचारत नाही. हातात नकाशा असतो, पायांत नवे बूट चावत असतात आणि चार वाजता एक दार बंद व्हायचे असते. अशा घाईत टीकाबुद्धी सामानाबरोबर खोलीवरच राहते.

लिस्बनला ती खोलीवर ठेवून चालत नाही. निदान मराठी माणसाला तरी.

आपल्या प्रवासवर्णनांनी युरोपची म्हणून जी राजधानी आपल्या मनात बसवली ती लंडन. फार तर तिच्या जोडीला पॅरिस. 1883 मध्ये पंडिता रमाबाईंनी ‘इंग्लंडचा प्रवास’ लिहिला तेव्हापासून ही वाट मळलेली आहे, आणि 1960 साली आलेल्या पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने तर ती घरोघरी पोचवली. लिस्बन या वाटेवर लागत नाही. आणि तरीही इंग्रज मुंबईत स्थिरावण्याच्या दीडशे वर्षे आधीपासून या शहराचा हात आमच्या किनाऱ्याला लागलेला आहे. आमच्या घरातली चावी आणि बादली, बाजारातला बटाटा, कोबी, काजू आणि अननस, महिन्याच्या एक तारखेचा पगार, इतकेच काय, चहात बुडवायचा पाव, हे सारे शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून आमच्या तोंडी आले. हापूस आंब्याच्या नावातही कोणी अफोन्सो दडलेला आहे. लिस्बनच्या पाववाल्याच्या दुकानात उभे राहून कान दिला, की एखादा शब्द ओळखीचे हसून पुढे जातो. इतक्या जुन्या नात्याच्या घरी जाताना माणूस थोडा हळवा होतो, थोडा सावधही होतो. गोव्यात साडेचारशे वर्षे ज्यांनी राज्य केले त्यांचे हे घर आहे.

या घराने पाहुण्यासाठी काढून ठेवलेली निवड बहुतेक सारी बेलें या भागात आहे. शहराच्या पश्चिमेला, तेजू नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जिथे रुंद होते, तिथे एका काठावर तीन वास्तू उभ्या आहेत: जेरोनिमोसचा मठ, बेलेंचा बुरूज आणि शोधयात्रांचे स्मारक. पाहुणा सकाळी येतो, तिन्ही पाहतो, त्या भागातली प्रसिद्ध गरम दुधाची वडी घातलेली खारी चाखतो आणि लिस्बन पाहिले असे समजून परततो. या तिन्ही वास्तूंना एकाच मापाने मोजण्याची चूक बहुतेक पुस्तके करतात. खरे म्हणजे त्यांची योग्यता एकमेकींपासून फार वेगळी आहे.

जेरोनिमोसचा मठ ही थोर कलाकृती आहे, हे प्रथम मोकळेपणाने म्हटले पाहिजे. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल याने हे काम सुरू केले आणि ते पुरे व्हायला शंभर वर्षे लागली. आत पाऊल टाकले की सडपातळ खांब माडासारखे सरळ वर जातात आणि वर गेल्यावर झावळ्यांसारखे उलगडून छत तोलून धरतात. 1755 च्या भूकंपात सारे शहर कोसळले, पण हे छत टिकले. चौकाभोवतीच्या दुमजली ओवऱ्यांत दगडाला दोरखंडाचा पीळ दिलेला आहे. कुठे पोवळी, कुठे पानवेली, कुठे नावाड्यांच्या कामाचा खगोल. समुद्राने ज्यांना श्रीमंत केले त्यांनी समुद्र दगडात कोरून देवाच्या पायाशी ठेवला. त्यात उद्धटपणा नाही असे नाही. पण त्याहून अधिक आहे ते आश्चर्य. नवे जग पाहून दिपलेल्या कारागिराचा हात तिथे दिसतो, आणि आश्चर्य ही कलेची सच्ची भूमी आहे.

या मठाचा पैसा कुठून आला? आफ्रिकेच्या आणि पूर्वेच्या व्यापारावर बसवलेला सुमारे विसाव्या हिश्श्याचा कर या कामाला लावला गेला होता. म्हणजे आमच्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाचा वाटा या खांबांत आहे. हे कळल्यावर खांब कमी सुंदर होतात काय? मला तसे वाटत नाही. पण पाहणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायला शिकावे असे मात्र वाटते. वेरूळचे कैलास पाहताना राष्ट्रकूटांच्या लढाया आपण विसरतो. येथे विसरू नये, कारण येथली वास्तू स्वतःच ते विसरत नाही. मुख्य गाभाऱ्यात राजांची थडगी आहेत आणि ती संगमरवरी हत्तींनी पाठीवर तोललेली आहेत. युरोपच्या पश्चिम टोकावरचा ख्रिस्ती राजा मेल्यावरही हत्तीच्या पाठीवर निजला आहे! मी त्या हत्तींसमोर बराच वेळ उभा होतो. त्यांचे सुळे, कान, सोंडा नीट घडवलेल्या आहेत, पण डोळे माणसासारखे दमलेले वाटतात. कारागिराच्या मनात असे काही असेल असे नाही. पण चांगली कलाकृती कर्त्याच्या हेतूपेक्षा जास्त बोलते, ती अशी.

दाराशीच डाव्या-उजव्या हाताला वास्को द गामा आणि कवी कामोंइश यांची थडगी आहेत. ही दोन्ही थडगी एकोणिसाव्या शतकातली. गामा 1524 साली कोचीला वारला आणि प्रथम तिथेच पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला गेल्या आणि 1880 साली या मठात आल्या. कामोंइशच्या थडग्यात त्याच्याच अस्थी आहेत की नाहीत याविषयी विद्वानांना शंका आहे. प्रवासी मात्र दोघांचीही सारख्याच भक्तीने छायाचित्रे घेतात. गामा 1502 च्या दुसऱ्या सफरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसकट जाळतो, ही गोष्ट त्या थडग्यावर कोरलेली नाही. थडग्यांवर अशा गोष्टी कोणताच देश कोरत नाही. म्हणून तर त्या बरोबर घेऊन जाव्या लागतात.

बुरूज त्या मानाने लहान आणि देखणा आहे. फ्रांसिस्को द आरुदा याने तो 1514 नंतरच्या पाच-सहा वर्षांत बांधला. सगळे त्याच्या गच्चीवर चढतात; मी वाचकाला खाली पाहायला सांगेन. एका कोपऱ्याच्या टेहळणीच्या मनोऱ्याखाली गेंड्याचे डोके कोरलेले आहे. वाऱ्यापाण्याने झिजलेले, पण गेंड्याचेच. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला एक गेंडा नजर केला, त्याने तो राजाला धाडला आणि 1515 च्या मे महिन्यात तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. न्युरेंबर्गच्या ड्यूररने तो प्रत्यक्ष न पाहता, कोणी पाठवलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचे चित्र काढले आणि त्याला चिलखत चढवल्यासारखे अंग दिले. ते चित्र पुढे शतकानुशतके युरोपात गेंडा म्हणून चालले. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून साखळीने बांधलेला तो बिचारा बुडाला. पोर्तुगिजांनी त्याला काय नाव दिले होते? ‘गांडा’. आपलाच ‘गेंडा’. आपल्या देशातून माणसे, मसाले, कापड आणि जनावरे गेली, त्यांतल्या एका मुक्या प्राण्याचे तेवढे स्मारक या काठावर आहे; आणि त्याच्या नावात आमची बोली शिल्लक आहे. सबंध बेलेंमध्ये मला सर्वांत प्रामाणिक वाटलेले शिल्प हे.

आता तिसरी वास्तू. शोधयात्रांचे स्मारक म्हणजे नदीकडे झेपावणारे दगडी जहाज. बावन्न मीटर उंच. त्याच्या नाळेवर राजपुत्र हेन्री हातात छोटे गलबत घेऊन उभा आणि त्याच्या मागे दोन्ही अंगांनी बत्तीस माणसे चढत चाललेली: गामा, अल्बुकर्क, कामोंइश, सेंट झेवियर, नकाशे काढणारे, धर्मोपदेशक, राजे. बत्तिसांत स्त्री एकच, हेन्रीची आई. सगळ्यांची मान एकाच कोनात वर, सगळ्यांची नजर एकाच दिशेला. जहाजावर कोणी आजारी नाही, कोणी घाबरलेला नाही, कोणाला घर आठवत नाही. गामाच्या पहिल्या सफरीत निम्म्याहून अधिक माणसे परतली नाहीत. त्यांतला एकही इथे नाही. या शिल्पाचा कलादोष हाच आहे, आणि राजकीय दोषही हाच. जिथे संशयाला जागा नसते तिथे शिल्प उरत नाही, भाषण उरते. मठातल्या कारागिराला समुद्राचे आश्चर्य होते. येथे आश्चर्य संपून जाहिरात सुरू झाली आहे.

आणि हे ‘ऐतिहासिक’ स्मारक आहे केव्हाचे? 1940 साली सालाझारच्या राजवटीने याच काठावर पोर्तुगीज जगाचे मोठे प्रदर्शन भरवले. सारा युरोप युद्धात जळत असताना तटस्थ पोर्तुगाल आपल्या राष्ट्राची आठ शतके आणि स्पेनपासून सुटकेची तीन शतके साजरी करत होता. त्या प्रदर्शनासाठी हे जहाज तात्पुरत्या सामानाने उभारले होते. पुढे ते काढले, आणि हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली म्हणून 1960 साली सिमेंट आणि दगडात कायमचे उभे केले. मठासमोरचे जे भव्य मोकळे पटांगण पाहून आपण सोळाव्या शतकात गेल्यासारखे होतो, तेही त्याच प्रदर्शनासाठी आखलेले आहे. शहराच्या टेकडीवरचा सेंट जॉर्जचा किल्ला घ्या. 1147 साली तो मूरांकडून घेतला हे खरे. पण आज जे बांधेसूद तट आणि बुरूज दिसतात त्यांतले बरेचसे काम 1938 ते 1940 या दोन वर्षांत, मधल्या काळातल्या बराकी पाडून, पुन्हा उभारलेले आहे.

म्हणजे आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दोन दिवसांच्या प्रवाशाला दिसणाऱ्या लिस्बनचा संपादक 1940 साली कामाला बसला होता. मजकूर सोळाव्या शतकाचा, पण वेचे, क्रम आणि प्रस्तावना विसाव्या शतकातल्या हुकूमशहाची. आणि वाचकहो, काळाने या प्रस्तावनेवर केलेला शेरा पाहा. दगडी जहाज 1960 साली पुरे झाले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. आपण जगाला काय दिले हे सांगणारे स्मारक उभे करून दोन वर्षेही नीट उलटली नाहीत, तोच त्याच्या पायथ्याच्या दगडी नकाशावरून साडेचारशे वर्षांचे एक ठाणे गेले.

बेलेंवर इतके लिहिल्यावर दुसऱ्या लिस्बनकडे वळायला हवे. कारण ते आहे, आणि मोठे आहे. 1 नोव्हेंबर 1755, सर्वसंतांचा दिवस. सकाळच्या प्रार्थनेला चर्चे भरलेली असताना भूकंप झाला; मग समुद्र आत आला; मग आग लागली आणि ती अनेक दिवस जळत राहिली. राजवाडा, ग्रंथालय, नवे कोरे नाटकघर, सारे गेले. देव दयाळू आहे तर असे का, हा प्रश्न त्या दिवसानंतर व्होल्टेअरपासून पुढे सगळ्या युरोपला पडला. पोम्बाल नावाच्या मंत्र्याने मधला भाग नव्याने बांधून काढला: सरळ रस्ते, सारख्या उंचीची घरे, भिंतींच्या पोटात लाकडी सांगाडा, धक्का बसला तर तो झेलावा म्हणून. त्या सांगाड्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली असे सांगतात. रस्त्यांना नावे सोनारांची, चांदीची, चांभारांची; आपल्या तांबट आळी, कासार आळीसारखी. या रस्त्यांवर डोळे दिपवणारे काही नाही. पण संकटानंतर डोके ताळ्यावर ठेवून बांधलेले शहर कसे असते ते पाहायचे तर येथे सावकाश चालावे.

याच भागाच्या वर कार्मोचा मठ आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा. भूकंपात त्याचे छप्पर कोसळले, दुरुस्ती सुरू झाली, पण पुरी झाली नाही आणि शेवटी तो तसाच ठेवला. कमानी उभ्या आहेत, वर आकाश आहे. पाऊस आला तर प्रार्थनामंदिराच्या मधोमध पडतो. वसईच्या किल्ल्यातली छप्पर उडालेली चर्चे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना येथे घरच्यासारखे वाटेल. किल्ल्याचे तट नवे करून जुने म्हणून दाखवणाऱ्या शहरानेच ही जखम उघडी ठेवण्याचा मोठेपणाही दाखवला, हे विसरता कामा नये. खाली साँव दोमिंगुशचे चर्च आहे. ते 1959 साली आतून जळाले. पुन्हा उघडताना जळके, तडकलेले खांब तसेच राखले आहेत. 1506 साली या चर्चपाशी नवख्रिस्ती ज्यूंची कत्तल सुरू झाली. त्याची आठवण देणारा दगड समोरच्या चौकात 2008 पासून आहे. जवळच्या मोठ्या नाटकगृहाच्या जागी एकेकाळी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात 1560 पासून अडीचशे वर्षे जे चालले, त्याचे मूळ घर हे. येथे कोणी भाषण करत नाही. खांब जळके आहेत, तेवढेच.

कार्मोच्या दारासमोर लहानसा चौक आहे. 25 एप्रिल 1974 रोजी सैन्याच्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केले, तेव्हा सालाझारचा वारस कायतानो याच चौकातल्या शिलेदारांच्या ठाण्यात लपला आणि संध्याकाळी येथेच शरण आला. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल फुले खोवली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे करारावर सही करून मान्य केले. तेव्हा माझे म्हणणे असे, की भारतीय प्रवाशाला लिस्बनमध्ये एकच जागा पाहायला वेळ असेल तर त्याने गामाच्या थडग्याकडे न जाता या चौकात येऊन बसावे. गामाच्या थडग्याशी आमची गोष्ट सुरू झाली असे आम्हाला शिकवतात. ती जिथे संपली ती जागा कोणी दाखवत नाही.

आणखी एक जागा कोणत्याच यादीत नाही. बेलेंवरून नदीकाठाने जाणारी आगगाडी काही मिनिटांत काशियास नावाच्या स्टेशनावर थांबते. तेथल्या तुरुंगात राजवटीचे विरोधक ठेवले जात. त्यांत एक मराठी माणूस होता. मोहन रानडे 1955 साली गोव्याच्या लढ्यात पकडले गेले. गोवा मुक्त झाला, तरी ते सुटले नाहीत. आणखी सात वर्षे ते पोर्तुगालच्या कैदेत होते. त्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडके यांनी रान उठवले आणि अखेर 1969 च्या जानेवारीत ते सुटले. ‘गीतरामायणा’चे सूर ज्या घरांत आजही वाजतात त्या घरांना ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे. मी ती गाडी घेतली. स्टेशन साधे, समोर नदीचे तेच रुंद, चमकते पाणी. तुरुंग काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे आणि मी तिथे आत जाण्याचा प्रयत्नही केला नाही. पण त्या फलाटावर उभे राहिल्यावर बेलेंचे दगडी जहाज नीट दिसले. ते मान वर करून उभे राहिले, तेव्हा आमचा एक माणूस त्याच राजवटीचा कैदी होता. जहाजावरच्या तेहेतीस जणांत चौतिसावा कोण हवा होता, ते तिथे कळते.

पोर्तुगिजांनीही हे ओळखले आहे. त्यांच्या राजकीय कैद्यांचा जुना आल्जुबचा तुरुंग, अगदी मोठ्या चर्चच्या शेजारचा, 2015 पासून संग्रहालय झाला आहे. म्हणजे शहर स्वतःचीच समीक्षा करू लागले आहे. मग आपली पाळी येते.

आपणही काही निराळे संपादक नाही. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर आणल्या. भीमाशंकराच्या देवळात त्यांतली एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात दुसरी. सहलीच्या मुलांना आपण ती अभिमानाने दाखवतो, आणि दाखवावीच. पण ती कोणत्या गावची, कोणाच्या लग्नाला आणि कोणाच्या मरणाला वाजत होती, हे आपण सांगत नाही. कारण ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याची गरज वाटलेली नाही. आपल्या किल्ल्यांवर नवे सिमेंट लावून जुने म्हणून दाखवण्याचा मोह आपल्यालाही होतोच. लिस्बनच्या किल्ल्याला हसण्यापूर्वी आपल्या तटांकडे एकदा पाहून घ्यावे.

स्मारके पाडावीत असे मी म्हणणार नाही. दगडी जहाज पाडले तर 1940 सालचा तो गर्व कसा होता हे पुढच्यांना कळणार कसे? ते राहू द्यावे. फक्त त्याच्या पायथ्याशी गेंड्याचे, बुडालेल्या खलाशांचे आणि काशियासच्या कैद्यांचे नाव कोणी तरी घेतले पाहिजे. ते घेण्याचे काम दगडाचे नाही, पाहणाऱ्याचे आहे.

म्हणून येत्या वर्षी कोणा वाचकाची मुले, जावई, सुना त्या बाजूला जाणार असतील तर त्यांना एवढेच सांगावे: पहिल्या दिवशी सकाळी कार्मोला जा, दुपारी पोम्बालच्या सरळ रस्त्यांनी खाली उतरा आणि साँव दोमिंगुशच्या जळक्या खांबांना हात लावा. बेलें दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. हत्ती पाहा, गेंडा शोधा, मठाच्या छताखाली मान दुखेपर्यंत उभे राहा. त्यानंतर दगडी जहाजाकडे वळलात, तर त्याचे भाषण तुम्हाला पूर्ण ऐकू येईल. आणि ते ऐकून दबून जाण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही.